थ्रॉटल बदलायचा की दुरुस्त करायचा? आधी बिघाड नक्की कुठे आहे ते शोधा

कोकणात परफॉर्मन्स गाड्या असतात कुठे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर तासभर उभं राहावं. ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, मधूनच एखादी बीएमडब्ल्यू एम३. चाकरमान्यांच्या तर आहेतच, पण आता इथल्या बागायतदारांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या अंगणातही त्या दिसतात. या गाड्यांची एक तक्रार पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीतल्या गॅरेजला ठरलेली. आंबा घाट चढताना गाडीने अचानक मान टाकली, डॅशबोर्डवर दिवे लागले, पेडल तळाला टेकवलं तरी गाडी रांगतच राहिली. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड वाचणारं यंत्र, लावला की थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, कोड येतो, आणि मालकाला सांगितलं जातं, "थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाकावी लागेल."

कधी खरंच टाकावी लागते. पण बऱ्याचदा बिघाड वायरीत, पिनेत नाहीतर साचलेल्या काजळीत असतो, आणि महागडा भाग विनाकारण बदलला जातो. उलटही होतं. जो भाग बदलायलाच हवा होता तो कुणीतरी जुगाड करून चालवतो आणि गाडी धोकादायक करून ठेवतो. नेमकं काय कुठे लागू पडतं हे कळायला आधी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

जुन्या गाडीत रेसच्या पेडलपासून इंजिनपर्यंत सरळ केबल जायची. पाय दाबला की केबल ओढली जाऊन हवेच्या वाटेतली गोल चकती, म्हणजे बटरफ्लाय, तेवढीच उघडायची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीजच्या व्ही१२ गाडीत ही केबल काढून तिथे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला. पुढे सगळ्यांनीच तो स्वीकारला. आता पेडलला फक्त सेन्सर असतात. पाय किती दाबला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळतं, आणि चकती किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. ट्रॅक्शन कंट्रोल, क्रूझ कंट्रोल, गिअर बदलताना क्षणभर कमी होणारी ताकद, हे सगळं त्यामुळेच जमतं.

थ्रॉटल बॉडी उघडली की आत फार काही नसतं. एक छोटी डीसी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे दोन-तीन गिअर, चकतीचा दांडा, एक स्प्रिंग आणि चकतीचा कोन मोजणारे दोन सेन्सर. बाहेरून बहुतेक गाड्यांत सहा पिनांचा कनेक्टर येतो. दोन पिना मोटरच्या, एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, दोन सेन्सरच्या सिग्नलच्या. या सहा पिना समजल्या की अर्धं निदान झालं.

सेन्सर दोन का? ते एकाच घटनेचे दोन साक्षीदार असतात. बऱ्याच थ्रॉटलमध्ये एका सिग्नलचा व्होल्ट चढत जातो तेव्हा दुसऱ्याचा तेवढाच उतरतो, आणि दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास राहते. पेडलमध्ये अनेकदा दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो. दोघांच्या जबान्या जुळल्या नाहीत की ईसीयू कुणावरच विश्वास ठेवत नाही. स्कॅनरवर पी २१३५ किंवा पी २१३८ दिसतो तो याच कारणाने. मग ईसीयू ताकद आवळून टाकतो, किंवा मोटरचा पुरवठाच तोडतो. पुरवठा तुटला की स्प्रिंग चकतीला एका ठरावीक जागी आणून सोडते. ही जागा पूर्ण बंद नसते, किंचित उघडी असते, म्हणजे इंजिन चालू राहून गाडी कडेला तरी घेता येते. यालाच लिंप मोड म्हणतात.

म्हणून घाटात असं झालं तर घाबरून पेडलवर नाचू नका, त्याचा काही उपयोग नाही. हॅझर्ड लाइट लावून वळणाच्या अलीकडे किंवा पलीकडे रुंद जागा गाठा. गाडी थांबवून इग्निशन बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. पुष्कळदा गाडी पूर्ववत चालते, पण ती दुरुस्त झालेली नसते. तशीच कोल्हापूरपर्यंत दामटवू नका, कारण पुढच्या वेळी ती ओव्हरटेक करताना असं करेल.

कोकणातला पहिला संशयित: वायर आणि पिना

लांज्याजवळच्या एका गावातून ऑक्टाव्हिया आरएस आली होती. पावसाळाभर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, फणसाच्या झाडाखाली उभी होती. मालकांनी आधी दुसरीकडे दाखवली होती, तिथे त्यांना नवीन थ्रॉटल बॉडीचं कोटेशन मिळालं होतं.

"अहो, बसवून टाकू का? गणपतीच्या आत गाडी हवी आहे," त्यांनी विचारलं.

"साहेब, आधी कनेक्टर काढून बघू. बसवायचं नंतरही आहेच," मी म्हटलं.

कनेक्टर काढला. सहा पिनांपैकी सेन्सरच्या एका पिनेवर हिरवट गंजाची चिमूटभर पूड होती, आणि तिच्याच वायरीचं प्लास्टिक हातभर अंतरावर उंदराने सोललं होतं. तांब्याचे निम्मे तंतू तुटले होते. इंजिन थंड असताना, गाडी उभी असताना सगळं ठीक. गाडी घाटाला लागली, इंजिन हललं, की सिग्नल क्षणभर गायब. ईसीयूला तेवढं पुरतं.

आपल्याकडे हे वारंवार का घडतं, त्याला कारणं आहेत. खारी हवा, जून ते सप्टेंबर न हटणारी दमट ओल, आणि दिवसेंदिवस एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाड्या. बॉनेटखाली ऊब असते, कोरडं असतं, उंदरांना आणखी काय हवं? सेन्सरच्या वायरीत वाहणारा करंट अगदी थोडा असतो, त्यामुळे पिनेवर बसलेला पातळ थरही त्याला अडवतो. हेडलाइटच्या पिनेवर तेवढाच गंज असता तर दिवा आरामात लागला असता, आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

हा बिघाड शंभर टक्के दुरुस्तीचा आहे, पण दुरुस्ती नीट हवी. वायर पिळून वर टेप गुंडाळणं आपल्या हवेत दोन पावसाळेही टिकत नाही, कारण टेपखाली ओल शिरते आणि तांबं आतून काळं पडत जातं. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर क्रिंप करावी, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडावी, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. पिनेवर गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पीन दुसऱ्या बाजूला घट्ट बसते का ते पाहावं. सैल असेल तर नुसती पीन बदलता येते, आख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, लागत नाही.

वायरीबरोबर आणखी दोन गोष्टी तपासायला फुकट आहेत. एक, बॅटरी. महिना-दीड महिना उभ्या गाडीची बॅटरी खाली गेलेली असते, आणि कमी व्होल्टेजवर थ्रॉटलची मोटर वेळेत जागेवर पोचत नाही. कोड थ्रॉटलचा दिसतो, दोष बॅटरीचा असतो. दुसरी, पेडलच्या कनेक्टरमध्ये मध्येच जोडलेली 'पिकअप वाढवणारी' डबी. ती ताकद वाढवत नाही. पेडलचा सिग्नल बदलून तुम्ही जास्त दाबलं असं ईसीयूला सांगते, एवढंच. पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ चुकला असेल तर पहिल्यांदा ती डबी काढा आणि मगच पुढचा विचार करा.

काजळीवर फार बोलायला नको. इंजिनच्या तळातली तेलाची वाफ हवेच्या वाटेत परत सोडलेली असते, ती चकतीच्या कडेला चिकटून काळं कडं तयार होतं. आयडल, म्हणजे पेडल न दाबता चालणाऱ्या इंजिनचा वेग, खालीवर होतं, सिग्नलला गाडी बंद पडते. साफ केलं की बरं होतं. फक्त साफ करताना इग्निशन चालू ठेवून चकतीत बोट घालू नका, मोटर अचानक चकती फिरवते आणि बोट कापलं जातं. इग्निशन बंद असतानाही चकती हाताने जोरात ढकलू नका, आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात. थ्रॉटल क्लीनर कपड्यावर घ्या आणि पुसा, दांड्याच्या बेअरिंगवर फवारा सोडू नका. साफ केल्यावर आयडल वाढलेलं वाटलं तर गोंधळू नका. ईसीयूने काजळी धरून हिशोब बसवलेला असतो, तो नव्याने शिकवावा लागतो.

गिअर: इथे खरा प्रश्न सुरू होतो

वायर चांगली, बॅटरी चांगली, चकती स्वच्छ, तरी पी २१०१ किंवा पी ०६३८ पुन्हा पुन्हा येतोय. याचा अर्थ ईसीयू सांगतोय तिथे चकती जात नाही. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत, मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी शेजारी लावून पेडल अगदी सावकाश दाबा. दोन्ही रेषा एकत्र चालायला हव्यात. एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष कोनाची रेषा अडखळते, थांबते, मग उडी मारते? म्हणजे गिअरचे दात झिजलेत. झीज बहुधा एकाच पट्ट्यात असते, कारण रोजच्या चालवण्यात चकती बहुतेक वेळ थोडीशीच उघडलेली असते आणि तेवढेच दात सतत काम करतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यू एम३ ची २००७ ते २०१३ दरम्यानची पिढी. चार लिटरचं व्ही८ इंजिन, आठ सिलिंडरला आठ स्वतंत्र चकत्या, आणि प्रत्येक बाजूच्या चार चकत्या फिरवायला एक, असे दोन अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मोटर आणि गिअरच्या डब्या. हे दोन्ही बसतात कुठे, तर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खाचेत, इन्टेक प्लेनम म्हणजे हवेच्या मोठ्या डब्याच्या खाली. म्हणजे इंजिनची सगळी धग त्यांच्यावर. आत प्लास्टिकचे गिअर आहेत, ते वर्षांनुवर्षं भाजून निघतात आणि झिजतात. त्याच घराण्यातल्या एम५ च्या व्ही१० ला हेच दुखणं आहे. परदेशात नव्या अ‍ॅक्च्युएटरची किंमत एकेकाला शेकडो डॉलर आहे, आपल्यापर्यंत येताना त्यावर कस्टम ड्युटी आणि वाहतूक चढते. त्यामुळे जगभर या अ‍ॅक्च्युएटरसाठी धातूच्या गिअरची किट विकली जातात आणि कारागीर ते उघडून नवे गिअर बसवून देतात.

ही दुरुस्ती मला पटते. गिअर हा चकती फिरवणारा भाग आहे. तो कमी पडला तर सेन्सर ते लगेच पकडतात, ईसीयू गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. म्हणजे दुरुस्ती फसली तरी गाडी स्वतःहून सावध होते. पण पुढच्या गोष्टींत तडजोड झाली तर ही दुरुस्ती न केलेली बरी.

दोन अ‍ॅक्च्युएटर असतील तर दोन्ही एकदम करा. दोघांनी तेवढीच उष्णता सोसलेली असते, आणि प्लेनम काढायची मेहनत दोनदा कशाला? गिअरला ग्रीस प्लास्टिकला चालणारं आणि पातळ हवं, चेसिसचं जाड ग्रीस भरलं तर छोट्या मोटरला ते ओढवत नाही. धातूचा गिअर प्लास्टिकच्या गिअरसमोर बसवला तर झीज आता प्लास्टिकवाल्याची वाढते, तेव्हा किटमध्ये कोणते गिअर आहेत ते विचारून घ्या.

झाकण कसं बंद केलं, याकडे आपल्या किनाऱ्यावर तर डोळ्यात तेल घालून बघायला हवं. कंपनीचं झाकण कारखान्यात सीलबंद केलेलं असतं. उघडलं की ते सील गेलं. मग काही जण हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन फासून झाकण दाबतात. त्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसिड सुटतं, बंद डबीत ते सर्किटच्या तांब्यावर बसतं, आणि पिनांचा गंज तुम्ही स्वतःच आत कोंडून ठेवता. न्यूट्रल क्युअर म्हणून मिळणारं, वास नसलेलं सिलिकॉन वापरा, आधी कडा पूर्ण स्वच्छ आणि कोरड्या करा, आणि हे काम भर जुलैत उघड्या शेडमध्ये करू नका. दमट हवा आत कोंडली की ती रात्री थंड होऊन सर्किटवर दव धरते.

जिथे मी दुरुस्ती नाकारतो

कोन मोजणारा सेन्सर, त्याची सर्किटची पट्टी, आणि पेडलचा सेन्सर. हे भाग चकती फिरवत नाहीत, ईसीयूला खबर देतात. खबर चुकली तर पुढचा सगळा निर्णय चुकतो.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा बोटासारखा स्पर्शक असतो. जिथे जास्त घासतो तिथे पट्टी उडते, आणि मल्टिमीटर लावून सावकाश उघडलं तर त्या एका जागी व्होल्ट झटकन पडताना दिसतो. नव्या सेन्सरमध्ये चुंबक असतं, काही घासत नाही, म्हणून झीजही नाही. पण सर्किटवर ओल गेली किंवा सोल्डरला तडा गेला तर तेही लहरीपणा करतात, गरम झाल्यावर एक आणि थंड असताना दुसरं. कार्बनच्या पट्टीवर ग्राफाइट घासणारे, सोल्डर पुन्हा तापवून देणारे कारागीर आहेत. हात चांगला असतो, हेतूही वाईट नसतो. तरी मी हे करत नाही, कारण असा भाग आज चालेल आणि कधी खोटं बोलेल ते सांगता येत नाही.

हे घाबरवायला म्हणत नाही. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची तपासणी केली, आणि त्यांचा अहवाल २०११ मध्ये आला. गाडी सुसाट सुटावी एवढा थ्रॉटल उघडणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पण काही जुन्या कॅम्रींच्या पेडल सेन्सरमध्ये त्यांना कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले सापडले, असे तंतू दोन सिग्नल एकमेकांना जोडू शकतात. सेन्सरचा बिघाड डोळ्यांनी दिसत नाही, तो असा असतो. कंपन्या दोन-दोन सेन्सर आणि सतत पडताळणी ठेवतात ती यासाठीच, आणि हाताने डागडुजी केलेला सेन्सर त्या पडताळणीतून कधी निसटेल हे गॅरेजमध्ये बसून तपासता येत नाही.

पुरात बुडालेली थ्रॉटल बॉडीही याच यादीत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीतली थ्रॉटल बॉडी वाळवून चालू होते, महिना-दोन महिने चालतेही. पण गाळातले क्षार आत राहिलेले असतात, आणि पुढच्या पावसाळ्याची दमट हवा त्यांना जागं करते. ती बदलावीच.

बदलायचं ठरलं की पुढचा प्रश्न, कुठून आणायची? पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून कंपनीचीच, किंवा कंपनीला जी फर्म पुरवते तिचीच घ्या. एरवी ओळखू न येणाऱ्या स्वस्त नकला सगळ्यात महाग पडतात, कारण त्यांच्या सेन्सरचा उतार, म्हणजे कोनाबरोबर व्होल्ट बदलण्याचं प्रमाण, थोडा वेगळा असला तरी ईसीयूला ते पटत नाही आणि तुम्ही पुन्हा त्याच कोडवर येता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना भाग आणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि दुर्मीळ गाडीसाठी कधी दुसरा मार्गही नसतो. तसा घ्यायचाच असेल तर कनेक्टरच्या आत टॉर्च मारून बघा. पिनांच्या मुळाशी मातकट रेघ दिसली तर तो भाग पुराच्या गाडीतला आहे, विकणारा काहीही सांगो. चकतीचा दांडा बोटाने वरखाली हलवून बघा, लळत असेल तर नको.

नवीन बसवल्यावर किंवा जुनी दुरुस्त करून बसवल्यावर अ‍ॅडॅप्टेशन करायचं असतं. इंजिन बंद, इग्निशन चालू, बॅटरी भरलेली, पेडलवर पाय नाही, आणि स्कॅनरमधून आज्ञा द्यायची. चकती कटकट करत दोन्ही टोकांना जाऊन येते आणि ईसीयू नवी टोकं लिहून घेतो. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये हे बेसिक सेटिंगमध्ये सापडतं. काही गाड्या इग्निशन चालू ठेवून थोडा वेळ थांबलं की स्वतःच शिकतात. अ‍ॅडॅप्टेशन अर्धवट राहिलं तर चांगला भागही खराब असल्यासारखा वागतो, आणि मग त्याच्यावर आळ येतो.

रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदललेल्या, गाडीत एक जास्तीची काळजी घ्या. रिमॅपमध्ये पेडल आणि चकती यांचा मेळ बदललेला असतो, तेव्हा निदान करायच्या आधी ते करणाऱ्या ट्यूनरला फोन करून मूळ फाइल परत टाकता येते का विचारा. कोड गेला तर थ्रॉटलला हात लावायची गरजच नाही.

गॅरेजवाल्याला बिल द्यायच्या आधी दोन गोष्टी मागा. लाइव्ह डेटाचा कामाआधीचा आणि कामानंतरचा फोटो, आणि काढलेला जुना भाग. फोटोत मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन जुळलेले दिसायला हवेत. जुना भाग कापडात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून, हवाबंद डब्यात ठेवा. सेन्सर गेला असला तरी त्याचे गिअर, मोटर आणि स्प्रिंग चांगले असू शकतात, आणि एम३ सारख्या गाडीला पुढेमागे तेच सुटे भाग शोधत फिरावं लागतं.